माहूरच्या चिखलवाटांसाठी मोटार निवडताना

माहूरला जाणाऱ्यांचा हेतू आता केवळ देवदर्शनाचा राहिलेला नाही. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकामातेच्या गडावर भाविकांची रीघ पूर्वीप्रमाणेच आहे. दत्तशिखर आणि अनसूयामातेच्या शिखरावरील गर्दीही कमी झालेली नाही. मात्र त्याच वाटेने अलीकडे गळ्यात दुर्बीण अडकवलेले पक्षिनिरीक्षक, छायाचित्रकार, रामगडाची तटबंदी धुंडाळणारे दुर्गप्रेमी आणि पावसाळ्यात धबधब्यांच्या शोधात निघालेली नांदेड, लातूर, यवतमाळची तरुण मंडळीही दिसू लागली आहेत. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील सागवानाची जंगले, मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरील पैनगंगा अभयारण्य, सहस्रकुंडचा धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, माहूरची पांडवलेणी अशी भटकंतीची ठिकाणे या पट्ट्यात जवळजवळ आहेत. अशा भटकंतीची गोडी लागली की घरातील जुनी छोटी मोटार अपुरी वाटू लागते आणि चिखलातून जाणारी, सामान नेणारी, तरीही शहरात रोज वापरता येणारी गाडी कोणती घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर विक्रीदालनात शोधण्याची घाई बहुतेक जण करतात. तेथे समोर उंच बोनेट, रुंद टायर आणि मागच्या दारावर लटकवलेले जादा चाक असलेली वाहने उभी असतात आणि ‘फोर बाय फोर’ या तीन शब्दांवर सौदा ठरतो. वास्तविक आधी पाहायला हवी ती जमीन.

नांदेड ते माहूर हे अंतर साधारण सव्वाशे ते एकशे तीस किलोमीटर आहे. भोकर, हिमायतनगर, किनवट या बाजूने येणारा हा रस्ता पक्का आहे. रेणुकामाता आणि दत्तशिखरापर्यंतचे घाटरस्तेही डांबरी आहेत. नवरात्रात तर खासगी वाहने पायथ्याशीच थांबवून भाविकांना एस. टी. बसने वर नेले जाते. सहस्रकुंड किंवा उनकेश्वर पाहण्यासाठीही साधी मोटार पुरते. म्हणजे प्रत्यक्षात वाहनाचा कस लागतो तो डांबर सोडल्यानंतरच्या दोन-चार किलोमीटरमध्ये. एखाद्या तांड्याकडे जाणारी कच्ची वाट, तलावाच्या काठाने जाणारा पांदण रस्ता किंवा मित्राच्या शेतातील मुक्कामाची जागा एवढाच तो टप्पा असतो. उरलेले अडीचशे किलोमीटर जाणे-येणे महामार्गावरचे असते. खरेदीचा विचार करताना हे प्रमाण विसरले जाते आणि पुढे वर्षभर त्याची किंमत इंधनात, टायरच्या आवाजात आणि मागच्या बाकावर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या पाठदुखीत मोजावी लागते.

मुरूम वेगळा, काळी वेगळी

माहूर-किनवटचा प्रदेश डोंगराळ आहे आणि नांदेड जिल्ह्याच्या इतर भागांपेक्षा येथे पाऊस अधिक पडतो. डोंगरउतारावर मुरमाड, दगडगोट्यांची जमीन आणि खाली नदीनाल्यांच्या बाजूने काळी कापसाची जमीन असे येथील सर्वसाधारण चित्र. मुरमावर पाणी पडले तरी ते झिरपून किंवा वाहून जाते. पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि पाऊस उघडल्यावर तासाभरात साधी गाडीही त्यावरून चालते. अडचण असते ती घळींची आणि वर आलेल्या दगडांची.

काळ्या मातीचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. बसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणमातीचे खनिज भरपूर असते. त्याच्या कणांच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरते, माती फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी हीच माती जुलैत साबणासारखी निसरडी आणि डिंकासारखी चिकट होते. टायरच्या खाचा तिने भरून गेल्या की कितीही महागडे टायर गुळगुळीत होतात. चाकाच्या कमानीत माती लिंपली जाते, चाक जड होते आणि कधी कधी ते फिरेनासेच होते. अशा वेळी चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा असली तर दोनऐवजी चार चाके जागच्या जागी फिरतात, एवढाच फरक पडतो.

शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. पाऊस थांबला तरी वापसा आल्याशिवाय तो रानात औत घालत नाही. जमीन पायाला चिकटत नाही आणि ढेकूळ हातात घेतल्यावर भुसभुशीत फुटते, अशी ही अवस्था. मोटारीलाही हाच नियम लावता येतो. काळ्या रानात उतरण्यापूर्वी गाडी थांबवून वीस-पंचवीस पावले चालून पाहावीत. चपलेखाली मातीचे थर चढू लागले तर गाडी डांबरावर किंवा मुरमावर उभी करून पुढे पायी जावे. भटकंतीचा छंद असलेल्या माणसाला दोन किलोमीटर चालण्याचे वावडे असण्याचे कारण नाही.

उंची किती आणि कशाची?

मुरमाड वाटांसाठी सर्वांत उपयोगाचा आकडा म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजेच जमिनीपासून मोटारीच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचे अंतर. महिंद्र बोलेरोचे ते १८० मिलिमीटर, टाटा पंचचे १८७, टाटा नेक्सॉनचे २०८, मारुती सुझुकी जिम्नीचे २१० आणि महिंद्र थारचे २२६ मिलिमीटर सांगितले जाते. मात्र हा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसे, तंबू, पाण्याचे कॅन आणि स्वयंपाकाचे सामान चढले की स्प्रिंगा दबतात आणि दोन-चार सेंटीमीटर सहज जातात. त्यामुळे विक्रीदालनात एकट्याने फेरी मारून उंचीचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

वरील यादीत बोलेरोची उंची नेक्सॉनपेक्षा कमी दिसते, तरीही खेड्यापाड्यांत बोलेरोच अधिक दिसते. याचे कारण आकड्यात नाही, बांधणीत आहे. बोलेरो शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर उभी आहे. वाट तिरपी असली, एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर गेले तरी असा सांगाडा तो पीळ वर्षानुवर्षे सहन करतो. नेक्सॉन किंवा पंचसारख्या गाड्यांमध्ये सांगाडा आणि शरीर एकसंध असते. त्या हलक्या आणि महामार्गावर अधिक स्थिर असतात; नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले होते. आठवड्यातून पाच दिवस शहरात आणि महिन्यातून एकदा माहूरला जाणाऱ्या कुटुंबाने ही बाब हलकी मानू नये. चिखलात रुतल्याने माणूस दगावत नाही, महामार्गावरच्या धडकेत दगावतो.

उंचीइतकाच महत्त्वाचा, पण कोणी न विचारणारा घटक म्हणजे दोन आसांमधील अंतर, अर्थात व्हीलबेस. बांध ओलांडताना पुढची चाके पलीकडे उतरतात आणि गाडीचे पोट मधल्या उंचवट्यावर टेकते. व्हीलबेस जितका लांब, तितका हा धोका अधिक. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे, जिम्नीचा २५९०. २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सचा २८५०. रॉक्समध्ये माणसे आणि सामान ऐसपैस मावते, परंतु अरुंद पांदणीत वळताना आणि बांधावरून उतरताना ती लांबी जाणवते.

पांदण रस्त्यांची आणखी एक खोड आहे. पूर्वी या वाटांवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या असत; आता ट्रॅक्टर आणि ऊस किंवा कापूस भरलेल्या ट्रॉल्यांनी त्या खोल केल्या आहेत. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांमधील अंतर मोटारीच्या चाकांशी जुळतेच असे नाही. चाकोरीत चाके घालून चालवायला गेल्यास मधला उंचवटा पोटाला घासतो. म्हणून एक बाजू चाकोरीच्या मधल्या वरंब्यावर आणि दुसरी वाटेच्या कडेवर ठेवून हळू जाण्याची सवय करावी लागते. ही सवय झाली की १८० मिलिमीटरचीही गाडी पुष्कळ पुढे जाते.

पुढची चाके, मागची चाके, की चारही?

साध्या मोटारींमध्ये इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. इंजिनाचे वजनही त्याच चाकांवर असल्याने सपाट ओल्या वाटेवर त्यांची पकड चांगली असते. चढावर मात्र भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि घसरू लागतात. बोलेरोसारख्या मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीचे उलटे असते. भरलेली असताना ती चढ सहज चढते, रिकामी असताना ओल्या मातीत तिची पाठ सरकते. मागे दोन पोती वाळू टाकून जाणारे चालक या भागात दिसतात. ती शहाणपणाची गोष्ट आहे, फक्त पोती बांधलेली असावीत.

चारचाकी शक्तीचे दोन प्रकार ग्राहकाने वेगळे ओळखायला हवेत. एक प्रकार २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप आवृत्तीसारखा. पुढची चाके घसरू लागली की यंत्रणा आपोआप मागच्या चाकांकडे शक्ती वळवते. पावसाळी घाटासाठी आणि मुरमाच्या चढासाठी ती उत्तम. दुसरा प्रकार थार, जिम्नी किंवा फोर्स गुरखाचा. त्यात चालक स्वतः दांडा ओढून किंवा निवड करून चारही चाके जोडतो आणि ‘लो रेंज’ म्हणजे अत्यंत हळू, पण प्रचंड ताकदीचा गिअर वापरतो. दगडांच्या चढावर या लो रेंजचे मोल कळते. उतरतानाही ब्रेक न दाबता इंजिनाच्या आधाराने गाडी पावलापावलाने येते. मात्र या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या आसाच्या मध्ये वेगफरक सामावणारा डिफरन्शियल नसल्याने कोरड्या डांबरावर चारही चाके जोडून चालवल्यास यंत्रणेत ताण साचतो आणि ती बिघडते. हौसेने महामार्गावर ‘फोर व्हील’ लावून चालवणारे आपल्याच खिशाला कात्री लावत असतात.

चारही चाकांना शक्ती मिळाली तरी एका आसावरच्या दोन चाकांपैकी जे हवेत किंवा निसरड्या जागी असेल तेच फिरत राहते, हा साध्या डिफरन्शियलचा गुणधर्म आहे. त्यावर घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था किंवा दोन्ही चाके एकत्र बांधणारे कुलूप हे दोन उपाय आहेत. खरेदीपूर्वी ज्या आवृत्तीचे पैसे भरायचे आहेत, त्याच आवृत्तीत यांपैकी काय आहे ते लेखी घ्यावे. एकाच नावाच्या गाडीच्या सर्व आवृत्त्यांत ही सोय नसते.

कराचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील वस्तू व सेवा कराची फेररचना झाली. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटीमीटरपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० घनसेंटीमीटरपर्यंत असेल तर १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के असा हा कर आहे. माहूरच्या वाटेवर याचा परिणाम मजेशीर होतो. बोलेरो, नेक्सॉन, पंच आणि दीड लिटर डिझेलची मागच्या चाकांवर चालणारी थार १८ टक्क्यांत बसतात. जिम्नीची लांबी ३९८५ मिलिमीटरच असली तरी तिचे पेट्रोल इंजिन १४६२ घनसेंटीमीटरचे असल्याने ती ४० टक्क्यांच्या गटात जाते. चारही चाकांची थारही मोठ्या इंजिनामुळे तिथेच. म्हणजे चिखलात उतरण्याची खरी साधने सरकारच्या लेखी चैनीची आणि शेताच्या बांधापर्यंत जाणारी गाडी गरजेची ठरली. चारचाकी शक्तीसाठी ग्राहकाला काही लाख रुपये अधिक मोजावे लागतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

हे पैसे वसूल होतात का, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या दिवसांवरून करावा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण सतरा रविवार येतात. त्यातील निम्मे बाहेर पडलो आणि त्यातल्याही काही दिवशीच डांबर सोडले, तर वर्षाकाठी पाच-सहा दिवसांचा प्रश्न उरतो. दिवाळीनंतर याच वाटा टणक होतात आणि कोणतीही उंच गाडी तेथे चालते. ज्याचे शेतघर डोंगरात आहे किंवा ज्याला पावसाळ्यातच आठवड्याला रानात जावे लागते, त्याला चारचाकी शक्ती हवी. दोघांचाच संसार असेल आणि सामान बेताचे, तर सुमारे बाराशे किलो वजनाची जिम्नी ओल्या जमिनीवर जड गाड्यांपेक्षा हलक्या पावलाने चालते. तिची मागची डिकी मात्र २०८ लिटरचीच आहे, तंबू आणि कॅमेऱ्याच्या पेट्यांसाठी मागची आसने पाडावी लागतील. पाच-सहा जणांचे कुटुंब असेल तर बोलेरो आणि उरलेल्या पैशांतून चांगले टायर, हा व्यवहार अधिक शहाणपणाचा. शहरात राहून वर्षातून चार-पाच वेळाच येणाऱ्याला दोनशे मिलिमीटर उंचीची साधी मोटार पुरेशी आहे.

टायर, हवा आणि धसकटे

कारखान्यातून येणारे टायर बहुधा महामार्गासाठी असतात. मिश्र वापरासाठी ‘ऑल टेरेन’ प्रकारचे टायर मिळतात. त्यांच्या खाचा मोठ्या आणि बाजूची भिंत मजबूत असते. निव्वळ चिखलासाठीचे ‘मड टेरेन’ टायर डांबरावर गोंगाट करतात, ओल्या रस्त्यावर थांबायला अधिक अंतर घेतात आणि लवकर झिजतात. नांदेडहून येणाऱ्याला ते घेण्याचे प्रयोजन नाही. मऊ जमिनीत शिरण्यापूर्वी टायरमधील हवा बत्तीस-तेहतीसवरून बावीस-चोवीसपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि वजन मोठ्या पृष्ठभागावर वाटले जाते. मात्र डांबरावर परतताच ती पुन्हा भरायला हवी, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत असावा. लाखाच्या सजावटीपेक्षा हा दोन-तीन हजारांचा पंप अधिक कामाचा.

पीक निघाल्यावर धोका वेगळा असतो. तुरीची आणि कपाशीची कापलेली धसकटे सुळ्यासारखी उभी राहतात आणि ट्रॅक्टरचेही टायर फोडतात. पूर्ण आकाराचे जादा चाक नसलेल्या, केवळ पंक्चर दुरुस्तीची बाटली देणाऱ्या मोटारी या भागासाठी टाळाव्यात. बाजूची भिंत फाटली तर ती बाटली निरुपयोगी ठरते. दिवाळीनंतर गवत वाळते तेव्हा उंच गवतात गाडी चालू ठेवून उभी करू नये. धुराड्याची नळी आणि २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमधील काजळी जाळणारी गाळणी अतिशय तापते. वणवा लागायला तेवढे पुरते.

वाहते पाणी

या भागातील सर्वांत गंभीर प्रश्न चिखलाचा नाही, फरशी पुलांचा आहे. २८ सप्टेंबर २०२१ रोजी नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस. टी. बस उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरील पुलावरून पुराच्या पाण्यात वाहून गेली आणि त्यात जीवितहानी झाली. माहूरपासून हे ठिकाण फार दूर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातीलच मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने हाहाकार उडवला. बससारखे अवजड वाहन टिकले नाही तेथे मोटारीची काय कथा, हे साध्या गणितातूनही समजते.

लहान मोटारीचे तळाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने सहा चौरस मीटर धरता येते. पाणी तळाला लागल्यानंतर वर चढणारे प्रत्येक दहा सेंटीमीटर सुमारे सहाशे किलोचा उचलणारा दाब देते. माणसांसह बाराशे किलोची गाडी आणि जमिनीपासून वीस सेंटीमीटरवर तिचा तळ असेल, तर चाळीस सेंटीमीटर पाण्यात, म्हणजे गुडघ्याच्याही खाली, तिची चाके जमिनीवरून सुटू लागतात. पाणी वाहते असेल तर त्याआधीच ती कडेला ढकलली जाते. चाके टेकलेली नसतील तर चारही चाकांची शक्ती कशावर चालणार? थारसाठी कंपनीने ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची मर्यादा दिली आहे. ती संथ पाण्यासाठी आणि तळ माहीत असलेल्या जागेसाठी आहे, पुरासाठी नव्हे. फरशीवरून पाणी वाहत असेल आणि कठडा किंवा खुणेचे दगड दिसत नसतील, तर अलीकडेच थांबावे. डोंगरातील नाले जसे वेगाने चढतात तसे वेगाने उतरतात. दोन-तीन तासांची वाट पाहण्याची तयारी ठेवूनच निघावे.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नये. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. असे नुकसान साध्या विम्यात बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

जंगलाची हद्द आणि जुनी गाडी

अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. परवानगी मिळाली तरी ठरलेली वाट सोडून गाडी घालता येत नाही, मग ती कितीही समर्थ असो. गाडीची रचना बदलण्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मर्यादा आहे. पुढे लावण्यात येणाऱ्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईच्या सूचना दिल्या होत्या. असा गार्ड धडकेचा धक्का सांगाड्यात पोहोचवतो आणि एअरबॅगच्या वेळेचे गणित बिघडवतो.

बजेट कमी असलेले अनेक जण १९८५ मध्ये बाजारात आलेल्या आणि आता उत्पादन थांबलेल्या जिप्सीच्या किंवा जुन्या जीपच्या शोधात असतात. अशी गाडी पाहताना रंगाकडे दुर्लक्ष करून खाली झोपून सांगाडा पाहावा; सांध्यांवर गंज किंवा नवे वेल्डिंग दिसले तर सौदा सोडावा. चारही टायर एकाच मापाचे आहेत का, हे तपासावे. मोकळ्या मातीच्या मैदानावर चारही चाके जोडून, लो रेंज लावून सरळ आणि वळणावर चालवून पाहावी; खडखडाट झाला किंवा गिअर आपोआप सुटला तर ट्रान्स्फर केस उघडण्याचा खर्च गृहीत धरावा. पुढेमागे ओढण्याचे हूक मूळ जागी आणि सांगाड्यालाच आहेत का, हेही पाहून घ्यावे. गाडी काळ्या रानात रुतली की चाकाखाली पऱ्हाट्या आणि जुनी बारदाने घालून पाहतात. त्यानेही भागले नाही तर शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर येतो, आणि त्याची साखळी बंपरला बांधली तर बंपरच हातात येतो.